बिरोबाच्या बनातली मावशी

राजेसाब अत्ताराला खोटं बोलता येत नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. माझं घोंगड्यांचं दुकान त्याच्या अत्तर-जडीबुटीच्या दुकानाला लागून आहे, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्या भिंतीपलीकडचं मला इतक्या वर्षांत जेवढं ऐकू आलंय, तेवढं त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल. राजेसाबला खोटं बोलता येतं. फक्त ते त्याला पचत नाही.

माणूस दिसायला किरकोळ. डोक्यावर तुर्की टोपी, तिचा गोंडा कधीच झडून गेलेला. नाक मात्र जबरदस्त. कुठलीही चीज आली की आधी नाकाशी नेणार, डोळे मिटणार, मग बोलणार. भेसळीचा त्याला भयंकर तिटकारा. एकदा मुंबईच्या कुणा व्यापाऱ्यानं केशरात करडईच्या पाकळ्या मिसळून पाठवल्या. सोलापूरच्या माणसाला करडई ओळखता येणार नाही असं त्या शहाण्याला वाटलं असावं. राजेसाबनं सगळी पुडी भर रस्त्यात उधळली आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत बसला. हा त्याचा एक अभिमान. दुसरा अभिमान असा, की त्याच्या दुकानात ‘नाही’ हा शब्द नाही. हकिमानं काहीही लिहून देवो, राजेसाबकडे ते मिळणारच. हे दोन अभिमान कधीतरी एकमेकांच्या उरावर बसतील, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

तीस साली आमच्या सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या थोडं आधीची गोष्ट. शहरातल्या एका सरकीवाल्या शेटजींनी उतारवयात पुन्हा बोहल्यावर चढायचं ठरवलं. नवरी नातीच्या वयाची. लग्न झालं आणि शेटजी हकिमाकडे गेले. हकिमानं ताकदीचं औषध लिहून दिलं, त्यात मुख्य चीज होती रेगमाही. रेगमाही म्हणजे वाळूतला मासा. मासा कसला, सापसुरळी ती! सिंधकडच्या वाळवंटात सापडते, तिकडेच वाळवतात आणि मुंबईमार्गे इकडे येते. आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसते ना, पालीसारखी पण अंगानं गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चकचकीत, पाय इवलेसे, तिचीच लांबची बहीण. मला विचाराल तर त्या वयात शेटजींना अख्खा समुद्र वाळवून खायला घातला असता तरी काही फरक पडला नसता. पण मला कोण विचारतं.

नेमकी त्या वर्षी राजेसाबकडची रेगमाही संपत आली आणि नवी आली ती किडीनं पोखरलेली. त्यानं ती हुंगली, तोंड वाकडं केलं आणि फेकून दिली. इकडे शेटजींचा माणूस रोज दुकानाच्या पायरीशी उभा. “उद्या देतो,” राजेसाब म्हणायचा. उद्या पुन्हा “उद्या”. त्याच्या तोंडून ‘नाही’ काही निघेना.

अशात एका बाजारच्या दिवशी सिदू माझ्याकडे आला. सिदू हा माझा जुना धनगर. मूळचे सांगोल्याकडचे, पण बापजाद्यांपासून सीनेच्या काठी वस्ती करून राहिलेले. लोकर आणि घोंगड्या तो मलाच घालतो. माझ्याशी दरावरून हुज्जत घालून झाली की तो राजेसाबच्या पायरीवर टेकायचा, वासासाठी. “आण्णा, तुमच्या दुकानात मेंढराचा वास, तो तर आमच्या आंगालाच हाय की,” असं वर मला सांगायचा.

त्या दिवशी तो बसला आणि एकदम उठला. काचेच्या बरणीत तळाशी एकुलती एक रेगमाही उरली होती. सिदूनं पायातल्या वहाणा काढल्या आणि बरणीला हात जोडले.

“ही हितं कशी? ही तर आमच्या बनातली मावशी की!”

आपल्याकडे सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात, ते सगळ्यांनाच माहीत आहे. सिदूची मावशी वेगळी होती. ती देवाची मावशी. त्यांच्या वस्तीशेजारी बिरोबाचं बन आहे. करंज, जांभूळ, उंबर अशी दाट झाडी. तिथं कुऱ्हाड लावायची नाही, पडलेली काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, असा त्यांचा नेम. त्यामुळे वर्षानुवर्षांचा पाचोळा साचलेला, आणि उन्हाळ्यात सगळा मुलूख भाजून निघतो तेव्हाही त्या पाचोळ्याखाली ओल असते. त्या ओलीत ही राहते. बांधावरच्या सापसुरळीपेक्षा बारीक, तांब्याच्या रंगाची, कुशीला काळा पट्टा, शेपटीला लालसर झाक. बनाच्या बाहेर तिला कुणी पाहिलेलं नाही. मी निम्मा जन्म धनगरांत काढला, मलासुद्धा तिचा पत्ता नव्हता.

“देव तान्हा हुता,” सिदू सांगू लागला, “आन् रानात एकला पडल्याला. आई न्हाय, कोन न्हाय. तवा ह्या मावशीनं राखला त्येला. आंगाला मुंगी लागू दिली न्हाय. आजून बी आमची बाळंतीण पैल्यांदा बाहीर पडली की बनात जाती, मावशीच्या पाया पडती.” मग त्यानं बरणीकडे बोट केलं. “पर हितं ही कशापायी वाळवली? कशाचं औषद हाय हे?”

त्या वेळी पायरीशी म्हाळसाबाई उभी होती. भाजी विकणारी म्हातारी, सुनेसाठी बाळंतशेपा घ्यायला आलेली. राजेसाबच्या हातात शेपाची पुडी होती. आमचा राजेसाब भलताच लाजाळू. बाईमाणसासमोर त्या औषधाचं नाव काढायचं म्हणजे त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. तो चाचरला, पुडीकडे बघितलं आणि म्हणाला, “बाळंतिणीचं.”

एवढंच. एक शब्द, लाजेपोटी. मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि गालातल्या गालात हसलो. म्हाळसाबाई गेली की हा सिदूला खरं सांगेल आणि दोघं हसतील, असं मला वाटलं.

म्हाळसाबाई गेली. पण सिदू रडत होता. त्याची बायको तानाबाई, तिची पोरं जगत नव्हती. आताही ती पोटुशी होती आणि सिदूला दिवसरात्र तोच घोर. तो म्हणाला, “राजेसाब, बाळंतिणीचंच असंल तर मावशी सोताहून द्यायची. तिचं कामच त्ये. तुमाला किती पायजेत सांगा, मी आनतो. पैसा नगो. माझ्या तानाला औषद द्या बस.”

राजेसाबनं तेव्हा तरी बोलायचं! पण समोरून शेटजींचा माणूस येताना दिसत होता. राजेसाबनं त्याच्याकडे पाहिलं, सिदूकडे पाहिलं आणि गप्प राहिला.

सिदूनं कमरेची पिशवी सोडली. त्यात बिरोबाचा भंडारा. धनगरांत भंडारा उचलला की संपलं, त्यावर बोलणं नाही, कोर्ट नाही, काही नाही. “उचला,” तो म्हणाला. “बाळंतिनीसाठीच मावशी घेतो म्हना. म्हंजे मला बी दोष न्हाय, तुमाला बी न्हाय.”

आणि राजेसाबनं भंडारा उचलला. पुढे कितीतरी दिवसांनी त्यानं मला सांगितलं की त्याच्या मनात तेव्हा काय आलं. आपला देव वेगळा, हा देव आपल्याला थोडाच ओळखतो, चिमूटभर हळद ती, असं त्याच्या मनात आलं. कुराणावर हात ठेवून तो मेला तरी खोटं बोलला नसता. सिदूच्या हळदीवर बोलला. एवढा हुशार माणूस, पण शपथ देवाची नसते, समोरच्या माणसाची असते, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

सिदू मावश्या आणू लागला. मडक्यात पाचोळा घालून, तोंडाला फडकं बांधून. पकडायला सोप्या नाहीत त्या. पाचोळ्यातून पाण्यातल्यासारख्या सुळकन जातात आणि धरायला जावं तर शेपटी हातात ठेवून पसार होतात. तुटलेली शेपटी बराच वेळ वळवळत राहते. सिदू ती शेपटीसुद्धा फेकत नसे, पाया पडून पाचोळ्यात पुरायचा. राजेसाब मागच्या ओट्यावर त्या वाळवायचा. चव, वास, रंग, सगळं रेगमाहीच्या जवळपास. ज्यानं केशरातली करडई रस्त्यावर फेकली, तोच आता बनातली मावशी सिंधची म्हणून विकत होता. पुड्या बांधताना तो हल्ली काहीच हुंगत नव्हता, हे मी पाहिलं. शेटजी खूश. शेटजींनी आणखी दोघा शेटजींना सांगितलं. म्हातारी माणसं असल्या बातम्या फार लवकर पसरवतात.

एकदा मडक्यात एक मादी आली. साबेराभाभींनी, म्हणजे राजेसाबच्या बायकोनं, फडकं सोडलं. मावशी हलली नाही. पाचोळ्याच्या खळग्यात बारीक पांढरी अंडी होती आणि ती त्यांना वेढा घालून पडली होती. काडीनं ढोसलं तर काडीवर तोंड टाकायची, पण जागा सोडेना. साबेराभाभी कितीतरी वेळ बघत बसल्या.

“अजी, ये तो खुद जच्चा है,” त्या म्हणाल्या, म्हणजे ही तर स्वतःच बाळंतीण. “इसकू भी कूटते क्या तुमे?”

राजेसाबनं फडकं पुन्हा बांधलं. मडकं त्यानं कोपऱ्यात सावलीत ठेवलं, रोज त्यावर पाण्याचा हबका मारायचा. मला वाटलं, सोडणार हा हिला. पण शेटजींचा माणूस आला, घाई करू लागला, बरणी रिकामी होती. त्या दिवसापासून साबेराभाभींनी दुकानात पाऊल टाकलं नाही. डबा यायचा तो आमच्या नोकराबरोबर.

तानाबाईला राजेसाब देत होता ते औषध चांगलं होतं. सुंठ, डिंक, शेपा, वर थोडं केशर, अस्सल. मावशीचा त्यात कणही नव्हता. त्याचा त्याला मोठा आधार वाटायचा. “औषध तर खरं देतो ना मी,” असं मला न विचारताच सांगायचा. माणूस विचारल्याशिवाय सांगायला लागला की समजावं.

तानाबाईला मुलगा झाला, आणि जगला. सिदू नाचत आला. दुकानासमोर रस्त्यात त्यानं राजेसाबच्या पायावर लोटांगण घातलं, डोकीवरचं मुंडासं त्याच्या पायरीवर ठेवलं. मी दारात उभा होतो. राजेसाबचा चेहरा मी पाहिला. एखाद्यानं भर चौकात जोड्यानं मारलं असतं तर त्याला ते बरं वाटलं असतं.

“सिदू, आता मावश्या पुरे,” तो म्हणाला. “माझ्याकडे भरपूर झाल्यात.”

पण आता ते सिदूच्या हातात राहिलं नव्हतं. वस्तीवस्तीवर बातमी गेली होती. ज्या बाईला दिवस गेले तिचा नवरा बनात जाऊन पाचोळा उपसू लागला. कुणी मडकं घेऊन राजेसाबकडे यायचे, कुणी घरीच वाळवून कुटायचे. नेम मोडला गेला तो असा, देवाच्याच नावानं. राजेसाब प्रत्येकाला सुंठ-शेपाची पुडी द्यायचा आणि मडकं परत न्यायला सांगायचा. ते मडकं पायरीवर ठेवून जायचे. धनगर कुणाचं फुकट घेत नाहीत.

मी त्याला बोललो. एकदा नाही, दहादा बोललो. “अरे बाबा, सांगून टाक. काय होईल, चार शिव्या देतील.” तो म्हणायचा, “आण्णा, त्याचं पोर जगलंय. आता कसं सांगू? पोराकडे बघून त्याला वाटेल, हेही खोटंच.” हे मला तेव्हा पटलं नाही. आताही पटत नाही. पण त्याची जीभ रेटत नव्हती, हे खरं.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सिदू धावत आला. तोंडाला फेस, पायात वहाणा नाहीत. त्याची बहीण केराबाई, शेजारच्याच वस्तीवर दिलेली, अडली होती. कालपासून कळा देत होती आणि बाळ खाली येत नव्हतं.

“बनात मावशी ऱ्हायली न्हाय, राजेसाब,” सिदू म्हणाला. “समदा पाचोळा उपसला, नुसत्या मुंग्याच मुंग्या. तुमच्याकडं आसंल ती द्या.”

मी उठून त्याच्या दुकानात गेलो. राजेसाब उभा होता, ओठ हलत होते. मला वाटलं, आता सांगतो. आता तरी सांगतो. आता सांगितलं तर ती बाई वाचेल, कारण औषध नाही म्हटल्यावर सिदू तिला गाडीत घालून इथं आणेल. राजेसाबलाही ते कळत होतं. त्यानं सुंठ-शेपाचीच पुडी बांधली. दोरा दोनदा तुटला. पुडी सिदूच्या हातात देऊन तो म्हणाला, “ही दे तिला. पण ऐक, तिला गाडीत घाल आणि इथं दवाखान्यात आण. लगेच. ऐकलंस ना? दवाखान्यात आण.”

“व्हय व्हय,” सिदू म्हणाला. पुडी त्यानं कपाळाला लावली आणि पळाला.

राजेसाब दारात उभा राहिला. “मी सांगितलंय त्याला दवाखान्याचं,” तो म्हणाला. मी माझ्या दुकानात परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो दुकान उघडं टाकून वेशीकडे जाऊन उभा राहायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. सीनेकडून गाड्या येत होत्या, कडब्याच्या, ज्वारीच्या. केराबाईची गाडी आली नाही.

सिदू आला तो बऱ्याच दिवसांनी, डोकं भादरलेला. केराबाई गेली होती. बाळ तेवढं वाचलं. तो माझ्याकडे न वळता सरळ राजेसाबच्या पायरीशी गेला, खाली मातीत बसला.

“राजेसाब, मला माफी करा,” तो म्हणाला.

राजेसाब गादीवरून उठून पायरीवर आला.

“तुमी म्हनला हुता दवाखान्यात आना. मी सांगितलं त्यास्नी. तिची सासू म्हनाली, देवाचं औषद हातात आसताना दवाखाना कशाला, आन् मला बी तसंच वाटलं. चूक माझी हाय. घाईत मी बनाच्या पाया पडलो न्हाय, तसाच फुडं गेलो. म्हनून औषद लागू पडलं न्हाय. तुमच्या औषदाला माझ्यापायी बोल लागला.”

फळ्यांच्या भिंतीपलीकडे मी जागचा हललो नाही. राजेसाबच्या तोंडून हुंदका फुटला आणि मग तो बोलायला लागला. सगळं बोलला. म्हाळसाबाईसमोरची लाज, शेटजी, सिंधची रेगमाही, मावश्या कुठं गेल्या ते, पुडीत काय होतं ते. हळद उचलली तेव्हा मनात काय होतं, तेही. “तुझी बहीण मी मारली,” तो म्हणाला. “बाळंतपणाचं औषध ते नव्हतंच कधी. मी सांगितलं असतं तर तू तिला आणली असतीस.”

सिदू ऐकत होता. मी दाराशी आलो. सिदूच्या हातात काठी होती आणि धनगराची काठी म्हणजे काय ते मला माहीत आहे. राजेसाबनं मान खाली घातली होती. मारावं, असंच त्याला वाटत होतं.

सिदूनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “म्हातारीला ह्ये सांगू नगा. बिरप्पाला बी नगा.” बिरप्पा म्हणजे केराबाईचा नवरा, म्हातारी त्याची आई. “हुतं नव्हतं ते समदं केलं, देवाचं औषद बी दिलं, आसं त्येला वाटतंय. त्येवढ्यावरच त्यो उभा हाय. त्ये काढून घिऊ नगा.”

“मी त्याच्या पायावर पडतो, सिदू. मला सांगू दे.”

“तुमाला हलकं वाटंल,” सिदू म्हणाला. “त्येला न्हाय वाटनार.”

तो उठला आणि गेला. नंतर घोंगड्या तो माझ्याकडेच घालत राहिला, पण राजेसाबच्या पायरीवर पुन्हा बसला नाही. राजेसाबनं शेटजींना रेगमाही बंद केली. शेटजींचा माणूस आला तर “नाही” म्हणाला, स्पष्ट, आणि ‘नाही’ म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. बनात तो एकदा जाऊन आला. दिवसभर पाचोळ्याशी बसून होता म्हणे. काही हललं नाही.

वर्षाकाठी, सुगी झाली की, बिरप्पा मात्र येतो. नव्या ज्वारीचं गाठोडं आणि कडेवर केराबाईची पोर. आता ती चालू लागली आहे. गाठोडं पायरीवर ठेवून तो पोरीला खाली सोडतो आणि सांगतो, “पाया पड गं बाई. तुझ्या आईसाठी लई केलं ह्येंनी.”

पोर वाकते. राजेसाबला ‘नको’ म्हणायची सोय नाही. तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि बिरप्पा दिसेनासा होईपर्यंत हसत उभा राहतो.